गळ्यातला हत्ती

अंदलुसचे तबीब अबुल कासिम अल्-जहरावी यांनी इ. स. 1000 च्या सुमारास 'अत्-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ पूर्ण केला. त्यातल्या शस्त्रक्रियेच्या भागात गलगंडाला त्यांनी 'फील' म्हटले आहे, गळ्यातला हत्ती! हा रोग स्त्रियांत जास्त दिसतो, हेही त्यांनी नोंदवले. गाठ लहान असेल तरच सुरी लावावी. रक्तवाहिनी फुगल्यासारखी असेल तर हात लावू नये, असा त्यांचा इशारा होता.

त्यांच्या कितीतरी आधीच्या सुश्रुतसंहितेत हेच अधिक कठोरपणे येते. श्वास कष्टाने घेणारा, आवाज फुटलेला, गाठ वर्षापेक्षा जुनी झालेला रोगी वैद्याने सोडून द्यावा. म्हणजे ज्याला इलाजाची गरज सर्वांत जास्त, त्यालाच दार बंद. दोष कुणाला द्यावा? थायरॉईड ग्रंथी श्वासनलिकेला बिलगलेली, रक्ताने भरलेली. ती छातीच्या हाडामागे उतरली की तिला पसरायला जागा नसते. मग श्वासनलिका दबते, आडवे झाले की दम लागतो. अन्ननलिका दबली की घास अडकतो. आवाजाची नसही शेजारूनच जाते.

हे दार उघडले स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात. तिथले सर्जन थिओडोर कोखर यांनी या शस्त्रक्रियेतले मृत्यू शेकड्याला एकाच्या आसपास आणले. 1909 चे नोबेल त्यांना मिळाले. मात्र पूर्ण ग्रंथी काढलेले रोगी पुढे सुजतात, मंद होतात, हे त्यांनी स्वतःच 1883 मध्ये जाहीर केले. हा प्रामाणिकपणा आम्हाला नोबेलपेक्षा मोठा वाटतो.

आपल्याकडे डॉ. रामलिंगस्वामी यांनी 1956 पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ वाटून गलगंड कमी करून दाखवला. 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पण जुनी, कडक झालेली गाठ मिठाने विरघळत नाही.

आणि आमच्या शहागडसारख्या गोदाकाठच्या गावांत अशी गाठ ओढणीखाली राहते. मुलीचे नाते ठरायचे असते ना! दम लागला की दमा समजून औषध चालू होते, गळ्याकडे कुणी पाहत नाही.

1946 मध्ये पेम्बर्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी एक साधी खूण सांगितली. दोन्ही हात कानांना लागतील असे मिनिटभर वर धरायचे. चेहरा लालनिळा झाला, श्वास कोंडला, तर गाठ छातीच्या तोंडाशी अडकलेली असू शकते. तसे झाले नाही म्हणून तपासणी टाळता येत नाही. पण ही खूण पाहायला ओढणी सरकवावी लागत नाही.