उरुवेलेचा भात आणि लंडनचा पापड

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना बाबासाहेबांच्या लंडनमधील दिवसांची गोष्ट आपण हमखास सांगतो. सकाळी पावाचा तुकडा आणि कपभर बोव्हरिल, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री भाजलेला पापड आणि पुन्हा पुस्तक. १९२० ते १९२३ या काळाचे हे वर्णन चरित्रकारांनी नोंदवलेले आहे. परंतु ती उपासमार पैशांच्या टंचाईने लादलेली होती. अभ्यासाची पद्धत म्हणून त्यांनी ती स्वीकारली नव्हती. सांगताना हा फरक निसटतो, आणि उपाशीपोटी, झोपेवाचून केलेला अभ्यासच श्रेष्ठ, असा समज मुलांच्या मनात उरतो. (पदव्युत्तर शिक्षण घेताना मीही तसाच वागलो. त्या रात्री लिहिलेला प्रोग्रॅम सकाळी मलाच उमजत नसे.)

आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला आहे. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात तथागत स्वतःच्या तपाची हकिकत सांगतात. आहार ओंजळभर कडधान्याच्या पाण्यावर आला होता. पोटाला हात लावला की पाठीचा कणा हाती लागे. तरीही बोधी दूरच होती. तेव्हा लहानपणी जांभळीच्या सावलीत सहज लागलेले ध्यान त्यांना आठवले, आणि इतक्या कृश देहाने ती अवस्था गाठणे सोपे नाही हे उमगले. ते भात जेवले. पाच सहकारी मात्र, हा चैनीला लागला असे मानून त्यांना सोडून गेले. अश्वघोषाने ‘बुद्धचरिता’त हाच युक्तिवाद अधिक स्पष्ट केला: जे मनाने मिळवायचे, ते भुकेने आणि तहानेने थकलेल्याला कसे मिळणार?

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हा युक्तिवाद घेतला. तो लिहिताना त्यांची स्वतःची अवस्था काय होती? संविधानाच्या मसुद्याच्या काळातच मधुमेह आणि पायांच्या वेदनांनी त्यांना ग्रासले होते; पुढे दृष्टीही क्षीण होत गेली. ग्रंथलेखन १९५१ मध्ये सुरू झाले आणि पाच वर्षे प्रकृतीच्या चढउतारांतून रखडत चालले. १९५६ च्या प्रस्तावनेत त्यांनी हे लपवलेले नाही. डॉक्टर आपल्याला विझत चाललेली ज्योत म्हणत होते, ती पुन्हा चेतवण्याचे श्रेय माईसाहेबांच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्याला आहे, असे त्यांनी कृतज्ञतेने लिहिले.

पापड आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. ही प्रस्तावना मात्र १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही.