शिक्षणबचतीतील परदेशी रक्कम व अमेरिकी प्राप्तिकर : निपाणी–बेळगाव सीमाभाग

अमेरिकेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मायदेशी साठवलेली रक्कम काढल्यावर तिच्यावर तेथे कर लागतो का, हा या नोंदीचा विषय. निपाणी, चिकोडी, बेळगाव या भागातील मराठी कुटुंबांत शिक्षणाची तरतूद सहसा एका योजनेत नसते. पोस्टातील सुकन्या समृद्धी, पीपीएफ, बँकेतील मुदतठेव, पतसंस्थेतील आवर्त ठेव, विम्याची पॉलिसी आणि सोने अशी ती विखुरलेली असते. निपाणी शहर कर्नाटकात आणि त्याला खेटून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात. तेव्हा एकाच घराची खाती दोन्ही राज्यांत असणे स्वाभाविक. अमेरिकी कायद्याला ती सारखीच परदेशी.

पूर्वपीठिका : एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत बहिष्कृतांच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्षपद भूषवणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अमेरिकेचा आजचा प्राप्तिकरही सोळाव्या घटनादुरुस्तीनंतर त्याच वर्षी सुरू झाला.

करनिवासाची कसोटी : रक्कम कशासाठी साठवली, यापेक्षा ती काढली त्या वर्षी विद्यार्थी अमेरिकेचा करनिवासी होता की नाही, हे निर्णायक ठरते. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतील दिवस वास्तव्याच्या मोजणीत धरत नाहीत. ऑगस्टमध्ये पोहोचलेल्याचे ते अर्धेमुर्धे वर्षही पूर्ण वर्ष म्हणून मोजले जाते. या काळात तो अनिवासी असतो, त्यामुळे भारतातील व्याजावर अमेरिकेत कर नाही. उत्पन्न शून्य असले तरी फॉर्म ८८४३ मात्र द्यावा लागतो. आईवडिलांनी स्वतःच्या खात्यातून पाठवलेले पैसे ही भेट. ते विद्यार्थ्याचे उत्पन्न नव्हेच. ही बाब इतकी साधी असूनही घरोघरी नाहक धास्ती दिसते.

पाच वर्षांनंतर, म्हणजे बहुधा पीएच.डी.च्या उत्तरार्धात, वास्तव्याचे दिवस मोजणीत येऊ लागतात आणि विद्यार्थी सामान्यतः निवासी ठरतो. मग जगभरचे उत्पन्न करपात्र होते. पीपीएफचे व्याज भारतात करमुक्त आहे, म्हणून ते अमेरिकेतही करमुक्त, हा समज चुकीचा आहे. भारतात त्यावर कर भरलेला नसल्याने अमेरिकी करातून वजा करायला परदेशी कराचे श्रेयही (क्रेडिट) मिळत नाही. अमेरिकेतील नातेवाईक शिक्षणबचतीच्या ज्या ‘५२९’ योजनेचा दाखला देतात, तिची करसवलत तिथल्या राज्यांनी व पात्र शिक्षणसंस्थांनी चालवलेल्या योजनांपुरती आहे. सुकन्या समृद्धीला ती लागू नाही. भारतीय म्युच्युअल फंडांचे नियम याहून जाचक असून त्यांसाठी फॉर्म ८६२१ आहे.

भारत–अमेरिका करार : १२ सप्टेंबर १९८९ रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारातील अनुच्छेद २१ विद्यार्थ्यांविषयी आहे. शिक्षण व निर्वाहासाठी अमेरिकेबाहेरून येणाऱ्या रकमांना तो तेथील करातून सूट देतो. ग्रीनकार्ड वा नागरिकत्व नसलेल्या विद्यार्थ्याला निवासी झाल्यावरही, शिक्षणाला वाजवी लागेल तितक्या काळापुरती, ही सूट मागता येते. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यावर साचणारे व्याज अशा ‘रकमां’त बसते का, याविषयी सल्लागारांत एकमत नाही.

सुकन्या समृद्धी : योजना जानेवारी २०१५ ची. खाते मुलीच्या दहाव्या वर्षाआधी उघडायचे. ती अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर उच्च शिक्षणासाठी शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. अमेरिकी कायद्यात हे खाते ‘न्यास’ (ट्रस्ट) ठरते का, हा वाद आहे. शैक्षणिक बचतीच्या काही परदेशी न्यासांना त्यांच्यासाठीची माहिती-विवरणे भरण्यातून वगळणारा आदेश तेथे २०२० मध्ये निघाला. त्यात भारतातील कोणत्याही योजनेचे नाव नाही.

संयुक्त नावाच्या ठेवी : सीमाभागातील कुटुंबांना खरा फटका करापेक्षा माहिती न दिल्याचा बसू शकतो. ठेवीच्या पावतीवर आजोबांबरोबर नातवाचे नाव घालण्याची पद्धत जुनी आहे. नातू अमेरिकी नागरिक, ग्रीनकार्डधारक किंवा करनिवासी असेल आणि त्याच्या सर्व परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एखाद्या दिवशीही १०,००० डॉलरवर गेली, तर ‘एफबीएआर’ हे परदेशी खात्यांचे विवरण अमेरिकी अर्थखात्याच्या ‘फिनसेन’ विभागाकडे ऑनलाइन द्यावे लागते. पैसे आजोबांचे असले तरी संयुक्त खात्याची संपूर्ण शिल्लक धरली जाते. पतसंस्थेची पावतीही यातून सुटत नाही. नातू केवळ नॉमिनी असेल तर मात्र नोंद लागत नाही. म्हणून पावती करताना ‘संयुक्त’ की ‘नॉमिनी’, हे विचारून घेणे अत्यंत गरजेचे आहे. अज्ञान मुलाच्या विवरणाची जबाबदारीही त्याचीच. तो भरू शकत नसेल तर पालकाने भरायचे. व्याज कोणाचे उत्पन्न, हे पैसे कोणी भरले यावरून पाहतात. ‘एफबीएआर’ची मुदत १५ एप्रिल, आपोआप वाढून १५ ऑक्टोबर. हेतुपुरस्सर नसलेल्या चुकीचा दंड खात्यागणिक नव्हे तर विवरणागणिक, असा निकाल अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बिटनर खटल्यात दिला. परदेशी खात्यांच्या माहितीविषयीच्या ९ जुलै २०१५ च्या ‘फॅटका’ करारामुळे भारतीय बँकाही अमेरिकी खातेदारांची माहिती पुढे पाठवतात.

पैसे पाठवताना : रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार दरडोई, दर आर्थिक वर्षी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. २०२५–२६ मध्ये शिक्षणासाठी १० लाख रुपयांवरील रकमेवर ५ टक्के टीसीएस (पाठवतानाच गोळा केला जाणारा कर) होता. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो नव्हता. तंबाखू वा उसाचे शेतीउत्पन्न करमुक्त असले, तरी कापलेला टीसीएस परत मिळवण्यासाठी शेतकऱ्यालाही विवरणपत्र भरावे लागते.

राज्यांचे कर : वरील सारे अमेरिकेच्या केंद्रीय कराविषयी. राज्याचा कर वेगळा पाहावा लागतो; उदाहरणार्थ, कॅलिफोर्निया भारत–अमेरिका करारातील सवलती मानत नाही.