नेफ्तेगोर्स्क : नकाशावरून पुसलेलं तेलाचं गाव

सर्चमध्ये ‘ओखा’ टाकलं की आधी येतं ते द्वारकेजवळचं ओखा बंदर. दुसरं ओखा त्याच्यापासून हजारो किलोमीटरवर, रशियाच्या अगदी पूर्वेकडे सखालिन बेटाच्या उत्तर टोकाजवळ आहे. तेही तेलावर जगणारं. या दुसऱ्या ओखापासून सुमारे शंभर किलोमीटर दक्षिणेला 1995 सालापर्यंत नेफ्तेगोर्स्क नावाचं गाव होतं. ‘नेफ्त’ म्हणजे खनिज तेल. मूळ शब्द फारसी, आपण ज्याला नाफ्था म्हणतो त्याचाच सख्खा भाऊ.

सखालिन हे बेट तेलासाठी ओळखलं जाण्याआधी कैद्यांसाठी ओळखलं जायचं. झारच्या काळात इथे काळ्या पाण्याची शिक्षा भोगायला माणसं पाठवत. 1890 मध्ये चेखव स्वतः इथे आला, कैद्यांची नोंद करत बेटभर फिरला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. 1905 च्या युद्धानंतर बेटाचा दक्षिण भाग जपानकडे गेला. 1920 ते 1925 या काळात उत्तर भागही जपानी सैन्याच्या ताब्यात होता. सैन्य परत गेलं, पण तेल काढायची सवलत जपानने पदरात पाडून घेतली आणि ती 1944 पर्यंत टिकवली. म्हणजे एकाच भागात एकीकडे सोव्हिएत विहिरी, दुसरीकडे जपानी विहिरी! दुसऱ्या महायुद्धात ओखाचं तेल समुद्राखालून पाइप टाकून मुख्य भूमीवर न्यायला सुरुवात झाली. तेलाची गरज किती निकडीची होती, हे त्यावरून कळतं.

नेफ्तेगोर्स्क त्या मानाने अगदी अलीकडचं. 1964 मध्ये तेलकामगारांसाठी वसवलं. आधी नाव होतं वोस्तोक, म्हणजे पूर्व. 1970 मध्ये नाव बदललं. लांबलचक हिवाळा, आजूबाजूला दलदल आणि खुरटं जंगल. अशा ठिकाणी माणसं टिकवायची तर गरम पाणी, शाळा आणि पक्की घरं हवीत. सोव्हिएत व्यवस्थेकडे याचं तयार उत्तर होतं : सगळीकडे एकाच साच्यातल्या पाच मजली इमारती. कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे मोठे ठोकळे आणायचे, एकावर एक रचून सिमेंटने सांधायचे, वर स्लॅब टेकवायचे. काम झटपट आणि स्वस्तात. अशा 17 इमारती इथे उभ्या राहिल्या.

भूकंपाचा विचार त्यात नव्हता. कारण सरकारी नकाशात उत्तर सखालिन फारसं धोक्याचं नव्हतंच. दक्षिणेकडच्या कुरील बेटांना मोठे धक्के बसतात, इथे नाही, असा समज होता. नकाशा मागच्या नोंदींवरून बनवला होता, आणि जिथे माणसंच तुरळक होती तिथे नोंदी कोण ठेवणार? आमच्या धंद्यातही हे रोज दिसतं. लॉगमध्ये एरर नाही म्हणजे एरर झालीच नाही, असं मानणारे भेटतात. कधीकधी तिथे लॉगिंगच सुरू नसतं.

भूकंप कधी झाला, याच्या दोन तारखा सापडतात. आंतरराष्ट्रीय नोंदीत 27 मे 1995, तर स्मारकावर आणि लोकांच्या आठवणीत 28 मे. दोन्ही बरोबर आहेत, फरक फक्त टाइमझोनचा. भारतात शनिवारची संध्याकाळ होती, साडेसहा वाजून गेले होते. नेफ्तेगोर्स्कमध्ये रविवार उजाडून एक तास झाला होता. गाव झोपलेलं. शाळेच्या शेवटच्या वर्गातली मुलं मात्र जागी होती. रशियात मेअखेरीस शाळेची ‘शेवटची घंटा’ साजरी करतात. त्यासाठी ती एका कॅफेत जमली होती.

धक्का सातच्या आसपास तीव्रतेचा होता. जमीन सुमारे 35 किलोमीटर लांब फाटली आणि काही ठिकाणी भेगेच्या दोन बाजू एकमेकींपासून आठ मीटरपर्यंत सरकल्या. सतराच्या सतरा इमारती बसल्या. आडव्या धक्क्यात ठोकळ्यांना एकत्र धरून ठेवणारं काही नव्हतंच. सांधे सुटले आणि पाच मजल्यांचा एक ढीग झाला. गावात साधारण 3,200 माणसं होती. त्यातली दोन हजारांच्या आसपास गेली. दर तिघांतली दोन. कॅफेतली बरीच मुलंही.

चारच महिन्यांपूर्वी कोबेच्या भूकंपातून गेलेल्या जपानने मदत देऊ केली. येल्त्सिन यांनी ती सुरुवातीला नाकारली. बदल्यात जपान उद्या कुरील बेटं मागेल, अशी त्यांना शंका होती. ढिगाऱ्याखाली माणसं असताना हा हिशेब करणं मला तरी कोत्या मनाचं वाटतं. रशियन बचावपथकांनी मात्र जिवाचं रान केलं. दर तासाला ठरलेल्या वेळी क्रेन, ट्रक, जनरेटर सगळं बंद करायचं. कुणी बोलायचं नाही. काही मिनिटं सगळ्यांनी कान देऊन ऐकायचं. कुठून ठोकण्याचा, कण्हण्याचा आवाज आला की तिथे खणायचं. असं करत सुमारे चारशे माणसं जिवंत काढली.

मराठी वाचकाला इथे किल्लारी आठवणारच. 30 सप्टेंबर 1993, तीही रात्रच. आपल्या नकाशातही लातूर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. तिथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती अंगावर आल्या, इथे काँक्रीट. किल्लारी दुसऱ्या जागी पुन्हा वसवली. नेफ्तेगोर्स्क वसवलंच नाही. वाचलेल्यांना इतरत्र घरं दिली, ते विखुरले. ढिगारे सपाट केले गेले. आता तिथे दफनभूमी, एक छोटं प्रार्थनामंदिर आणि स्मारक आहे. 1997 च्या नव्या नकाशात उत्तर सखालिनचा धोका वाढवून दाखवला गेला.

तेल मात्र थांबलं नाही. त्याच ईशान्य किनाऱ्यावरच्या ‘सखालिन-1’ प्रकल्पात 2001 मध्ये आपल्या ओएनजीसी विदेशने 20 टक्के वाटा घेतला. 2005 मध्ये तिथून तेल निघू लागलं. शेजारच्या ‘सखालिन-2’ प्रकल्पाची पाइपलाइन उत्तरेकडून दक्षिणेच्या बंदरापर्यंत सुमारे 800 किलोमीटर जाते आणि वाटेत 19 ठिकाणी जिवंत भूभेगा ओलांडते. त्या प्रत्येक जागी नेहमीपेक्षा रुंद, उतरत्या कडांचा चर खणला आहे आणि पाइपभोवती भुसभुशीत भर घातली आहे. जमीन पुन्हा सरकली, तर पाइपला न तुटता हलायला जागा मिळावी म्हणून.