डोक्यावरचं थर्माकोल

हेल्मेट हा विषय निघाला की आपल्याकडे, आणि पुण्यात तर विशेषच, लगेच दोन तट पडतात. सक्ती असावी की नसावी यावर लोक तासभर सहज भांडू शकतात. पण दुकानात जाऊन हेल्मेट घ्यायची वेळ आली की ते पारखायचं कसं, याबाबत दोन्ही तट सारखेच अडाणी! कुणी माठ घेताना वाजवतात तसं बोटाने टकटक करून बघतो. कुणी हातात तोलून "जड आहे, म्हणजे मजबूत असणार" असा निकाल देतो. बाकीचे रंग बघतात आणि किंमत विचारतात.

मला स्वतःला वाटतं की या वस्तूचा इतिहास नीट समजून घेतला, तर काय पारखायचं ते आपोआप कळतं. इतिहास फार जुनाही नाही, जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा. आणि गंमत म्हणजे त्यातली बरीचशी मोठी पावलं गाड्या बनवणाऱ्यांनी नाही, डॉक्टरांनी टाकलेली आहेत.

सुरुवात १९१४ पासून करू. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स इथे गाड्यांच्या शर्यतींचा ट्रॅक होता. तिथले डॉक्टर होते एरिक गार्डनर. डोकं आपटलेले मोटरसायकलस्वार त्यांच्यासमोर वरचेवर येत. शेवटी त्यांनी लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या मॉस नावाच्या कारागिराकडून कॅनव्हास आणि लाख यांचं एक कडक टोपडं बनवून घेतलं. (हो, लाख म्हणजे आपल्या बांगड्यांची असते तीच!) शर्यती भरवणाऱ्या ऑटो-सायकल युनियनने आधी नाक मुरडलं, पण मग पटलं आणि १९१४ च्या आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत ते सगळ्या स्पर्धकांना बंधनकारक झालं. त्या बेटावरच्या डॉक्टरांनी नंतर गार्डनरना कळवलं म्हणे, की दरवर्षी शर्यतीनंतर डोक्याला मार लागलेले बरेच रुग्ण आमच्याकडे येतात, यंदा एकही आला नाही.

म्हणजे औषध १९१४ लाच सापडलं होतं. पण ते शर्यतीपुरतंच राहिलं. रस्त्यावर रोज गाडी चालवणाऱ्याने असलं काही डोक्यावर घालावं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं लोक कापडी टोपी घालून किंवा बोडक्याने गाड्या हाकत राहिले.

१३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमध्ये, बोव्हिंग्टन लष्करी छावणीजवळच्या रस्त्यावर, एक स्वार आपल्या ब्रफ सुपीरियर मोटरसायकलवरून घरी चालला होता. पुढे दोन मुलं सायकलवर होती. त्यांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस तो बेशुद्ध होता आणि १९ मे रोजी गेला, वयाच्या ४६ व्या वर्षी. हा स्वार म्हणजे टी. ई. लॉरेन्स, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'. डेव्हिड लीनचा १९६२ चा सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल, तो सुरूच या अपघाताने होतो.

लॉरेन्सवर उपचारासाठी जे डॉक्टर बोलावले गेले त्यांत ह्यू केर्न्स होते. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, अमेरिकेत हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली मेंदूची शस्त्रक्रिया शिकलेले. ते काही करू शकले नाहीत. पण एका प्रसिद्ध माणसाच्या मृत्यूने काही सिद्ध होत नसतं. चार दिवस हळहळ होते, वर्तमानपत्रांत लेख येतात, की झालं. केर्न्सचं मोठेपण मला यात वाटतं, की पुढे संधी मिळाली तेव्हा ते मोजायला बसले.

ही संधी दुसऱ्या महायुद्धाने दिली. लष्कराचे निरोपे मोटरसायकलवरून फिरायचे, आणि बॉम्बफेकीच्या भीतीने रस्ते काळोखात. ऑक्टोबर १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये केर्न्सचा लेख आला. युद्धाआधीच्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये १,८८४ मोटरसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक मेले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत हा आकडा २,२७९ झाला. मरणाचं सगळ्यात मोठं कारण डोक्याला मार. आणि हेल्मेट घातलेले जखमी केर्न्सना सापडले फक्त सात. सातही जगले.

सात हा आकडा काही मोठा नाही. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश लष्कराने ड्यूटीवरच्या सगळ्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. आणि केर्न्सही सातावर थांबले नाहीत. १९४३ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डचे पदार्थवैज्ञानिक हॉलबोर्न यांच्याबरोबर रबराची आणि लगद्याची अशी दोन प्रकारची हेल्मेटं तपासली. १९४६ मध्ये पुन्हा लेख लिहून मृत्यूंचा आलेख कसा खाली आला ते दाखवलं. हॉलबोर्न तर जिलेटीनचा मेंदू करून तो धक्क्याने कसा हलतो ते बघायचे. कवटी फुटली नाही तरी आतला मऊ मेंदू गर्रकन फिरून जखमी होऊ शकतो, हे त्यांनी तेव्हा सांगून ठेवलं होतं.

आता खरा मुद्दा. कवटी फुटू द्यायची नाही, तर बाहेर कडक कवच लागणार हे कुणालाही समजतं. पण नुसतं कवच म्हणजे पातेलं उपडं घालण्यासारखं आहे. पातेलं जिथल्या तिथे थांबलं की आतलं डोकंही तितक्याच झटक्याने थांबणार. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो ना, तसं डोक्यालाही थांबायला थोडी जागा हवी.

हिशोब अगदी शाळेतला आहे. दीड मीटर उंचीवरून पडणारं डोकं जमिनीवर आदळताना ताशी साधारण २० किलोमीटर वेगात असतं. (म्हणजे गाडी उभी असताना नुसतं आडवं पडलात तरी बरं का!) ते अर्ध्या सेंटिमीटरात थांबलं तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी ३०० पट झटका बसतो. तीन सेंटिमीटरात थांबलं तर ५० पट. जगणं-मरणं या अडीच सेंटिमीटरात आहे.

ही जागा मिळवून दिली अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोम्बार्ड आणि रॉथ यांनी. धक्का बसला की स्वतः चेपलं जाणारं आणि पुन्हा उसळून न येणारं अस्तर घातलेल्या हेल्मेटचं पेटंट त्यांना १९५३ मध्ये मिळालं. पुढे बेल कंपनीने १९५७ च्या '५००-टीएक्स' हेल्मेटमध्ये ज्या पदार्थाचं अस्तर वापरलं तो म्हणजे पॉलिस्टायरीनचा फेस. आपलं थर्माकोल हो! गणपतीच्या मखरासाठी आपण वर्षानुवर्षं जे कापलं तेच, फक्त जास्त घट्ट दाबलेलं.

साधारण त्याच सुमारास, १९५६ मध्ये, पीट स्नेल नावाचा शर्यतपटू हेल्मेट घातलेलं असूनही डोक्याला मार लागून गेला. त्याचे मित्र आणि जॉर्ज स्नायव्हली नावाचे डॉक्टर यांनी १९५७ मध्ये त्याच्या नावाने संस्था काढली आणि बाजारातली हेल्मेटं आपटून, ठोकून तपासायला लागले. तेव्हापासून दुकानातलं हेल्मेट नुसतं बघून चांगलं की वाईट ठरवायचे दिवस संपले. ते कुणीतरी आधी आपटून बघितलेलं असलं पाहिजे. आपल्याकडचा शिक्का म्हणजे आयएसआय, मानक आयएस ४१५१. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठीचं हेल्मेट या शिक्क्याशिवाय बनवणं आणि विकणं बेकायदा आहे. तरी पुलाखाली, फूटपाथवर चादर अंथरून जे विकलं जातं त्यातलं एखादं उलटं करून बघा. प्लॅस्टिकची वाटी, आत पातळ स्पंज, थर्माकोलचा पत्ताच नसतो. ते फक्त पावती चुकवण्यासाठी बनलेलं असतं. मामांनाही ते कळतं आणि घेणाऱ्यालाही.

विरोध करणारे आपणच, असंही समजू नका. ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये सर्वांना हेल्मेटसक्ती झाली तेव्हा तिथेही स्वातंत्र्याचा प्रश्न उठला. फ्रेड हिल नावाचे गृहस्थ मुद्दाम बेरेट टोपी घालून गाडी चालवत, दंड भरायला नकार देत आणि तुरुंगात जात. १९८४ मध्ये ७४ व्या वर्षी ते तुरुंगातच वारले. पगडीधारी शिखांना तिथे १९७६ मध्ये सूट मिळाली, आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येही ती आहे. त्याच १९८८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हेल्मेटचा नियम वैध ठरवला. आणि २०१९ च्या जानेवारीत पुण्यात निघालेले मोर्चे तर आपण सगळ्यांनी पाहिलेत.

फ्रेड हिल यांचा लढा तत्त्वासाठी होता, त्याबद्दल मला आदर आहे. पण आपल्याकडे दहा जणांना खोदून विचारलं तर नऊ जण तत्त्वाचं बोलतच नाहीत. गरम होतं, मान दुखते, ऐकू येत नाही, केस गळतात, चष्मा टोचतो. या तक्रारींना हसून चालणार नाही. ऐकू येण्याचं तर अमेरिकेत तपासलं गेलंय. लॉस एंजेलिस भागातले ९०० अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यासणाऱ्या हॅरी हर्ट यांच्या १९८१ च्या अहवालात हेल्मेटमुळे दिसण्या-ऐकण्यात अडथळा येऊन अपघात झाल्याचं आढळलं नाही. पण टोचणं, दुखणं, उकडणं हे खरं आहे. आणि त्याचा शेवट एकच होतो, हेल्मेट आरशाला किंवा कोपरात लटकतं.

माझ्या भाचीचं हेच चाललं होतं. ती चष्मा लावते, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट चढवताना चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतायच्या, म्हणून बाईसाहेब अर्धी टोपी घालून नगर रस्त्यावरून रोज ये-जा करायच्या. मध्यंतरी मी तिला घेऊन दुकानात गेलो. आधी टेप लावून भुवयांच्या जरा वरून डोक्याचा घेर मोजला. मग एकेक हेल्मेट चष्म्यासकट घालून पंधरा-पंधरा मिनिटं तसंच बसायला लावलं. दुकानदार वैतागला, पण पाचव्या मिनिटाला न दुखणारं हेल्मेट पंधराव्या मिनिटाला कपाळावर एका जागी ठणकायला लागतं, हे घातल्याशिवाय कळत नाही. हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवलं तर गालाची कातडी त्याच्याबरोबर फिरली पाहिजे. पट्टा लावून, मागची कड धरून वर-पुढे ओढलं तर डोक्यावरून निघता कामा नये. हे शेवटचं फार महत्त्वाचं. युरोपातल्या पाच देशांत ९२१ अपघातांचा 'मेड्स' नावाचा अभ्यास झाला होता, त्यात सुमारे नऊ टक्के लोकांचं हेल्मेट अपघातात डोक्यावरून निघून गेलं होतं! नंतर केस चप्प होऊ नयेत म्हणून एक माप मोठं घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

चौथं हेल्मेट तिला बसलं. ते दुकानातलं सगळ्यात महागही नव्हतं आणि सगळ्यात जडही नव्हतं. आतलं अस्तर काढून धुता येतं आणि चष्म्याच्या काड्यांना खाच आहे, एवढ्यावर तिने ते घेतलं. आता ती ते रोज घालते. मला वाटतं दर्जा आणि आराम असे दोन वेगळे रकाने करून हेल्मेट घेऊच नये. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात आहे. पण ते डोक्यावर असेल तर.

एक मात्र करा. अपघातात एकदा आपटलेलं हेल्मेट, वरून कितीही धड दिसलं तरी, पुन्हा वापरू नका. आतलं थर्माकोल चेपलं की परत फुगत नाही. त्याचं काम एकदाच करायचं असतं आणि ते त्याने केलेलं असतं.

जाता जाता, नातेवाईक मंडळींसाठी खास. केर्न्सच्या त्या १,८८४ आणि २,२७९ मध्ये मागे बसलेलेही मोजलेले होते. आपलं कलम १२९ ही मागे बसणाऱ्याला वेगळं काढत नाही. आपल्या घरांत मात्र चालवणाऱ्याचं हेल्मेट नीट पारखून घेतात आणि मागे आई बसो की बायको, ती पदर सावरत, हातात भाजीची पिशवी धरून, तशीच बसते. फार तर कुणाचं तरी जुनं, सैल, पट्टा तुटलेलं हेल्मेट तिच्या डोक्यावर येतं. पुढच्या वेळी दुकानात दोघांनी जा आणि दोघांचीही डोकी मोजून घ्या. बाकी सक्तीवरचं भांडण आपण सावकाशीने चालू ठेवूच!