व्हेनेझुएलातलं तळं आणि जालन्याचं पाणी

जालन्याच्या पाण्याचा इतिहास सांगताना आपण सहसा निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावापासून सुरुवात करतो. मी आज जरा मागं जाणार आहे. हिंदुस्थानात कधीच पाऊल न टाकलेल्या एका जर्मन माणसाकडे.

त्याचं नाव अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट. जन्म बर्लिनचा, १७६९ चा. १७९९ ते १८०४ ही पाच वर्षं तो दक्षिण आणि मध्य अमेरिकेत हिंडला. परतल्यावर त्या प्रवासावर त्यानं सुमारे तीस खंड काढले आणि वडिलोपार्जित पैसा त्यात घालवला. उतारवयात ‘कॉसमॉस’ हा पाच खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्या खंडात कालिदासाच्या निसर्गवर्णनाचा गौरव आहे. विज्ञानाच्या ग्रंथात कवीला मानाचं पान! माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या, कविता लिहिणाऱ्या माणसाला हा शास्त्रज्ञ आपला वाटतो, तो त्यामुळेच.

पण जालन्याशी त्याचा संबंध काय? तर १८०० साली तो व्हेनेझुएलातल्या व्हॅलेन्सिया तळ्याकाठी पोचला. तळं आटत चाललं होतं. जमिनीखालच्या एखाद्या वाटेनं पाणी निघून जात असावं, असं लोक म्हणत. हम्बोल्टनं डोंगर पाहिले, ओढे पाहिले आणि सांगितलं, की मळ्यांसाठी तुम्ही डोंगरावरची झाडं तोडलीत, ओढ्यांचं पाणी शेतांकडे वळवलंत, मग तळ्यात येणार काय? झाडं गेली की पाऊस मुरत नाही. एकदम वाहतो आणि माती घेऊन जातो.

हा माणूस हिंदुस्थानात येण्यासाठी वर्षानुवर्षं धडपडला. ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला परवानगी दिली नाही. गुलामगिरीवर आणि वसाहतींच्या कारभारावर त्यानं कठोर लिहिलं होतं. कंपनीला त्याचीच धास्ती असावी, असं अभ्यासक मानतात. पुढं त्याच्या शिफारशीनं श्लागिन्टवाइट हे तिघे भाऊ १८५४ साली मुंबईत उतरले आणि दख्खन ओलांडून मद्रासकडे गेले.

त्याचे विचार मात्र त्याआधीच आले होते. रिचर्ड ग्रोव्ह या इतिहासकारानं दाखवून दिलं आहे, की कंपनीच्या डॉक्टरांवर हम्बोल्टच्या लिखाणाचा मोठा प्रभाव होता. पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग सांभाळणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्यांपैकीच. जंगलतोडीनं पाणी आटतं, हे त्यांनी सरकारच्या कानावर घातलं. १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले.

इथं इतिहासानं एक वळण घेतलं. हम्बोल्टनं दोष दिला होता मळेवाल्यांना आणि वसाहतीच्या कारभाराला. सरकारनं त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी जंगलं सरकारजमा झाली. सरकारी तोड चालू राहिली आणि मोळी आणणारी बाई गुन्हेगार ठरली. विचार चांगला असून भागत नाही, तो कुणाच्या हाती पडतो हेही बघावं लागतं.

म्हणूनच मला आपल्या जालना तालुक्यातलं कडवंची महत्त्वाचं वाटतं. १९९६ च्या सुमारास तिथं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचं काम सुरू झालं. पैसा जर्मनीचा, मार्गदर्शन खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचं आणि विजयअण्णा बोराडे यांचं, घाम गावाचा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, झाडं. पुढं शेततळी आणि द्राक्षबागा. २०१२ च्या दुष्काळात जिल्हा टँकरकडे डोळे लावून बसला होता, तेव्हा कडवंचीच्या बागा उभ्या होत्या. हे गाव हम्बोल्ट वाचून उभं राहिलं, असा माझा दावा नाही. पण दोनशे वर्षांपूर्वी त्यानं तळ्याकाठी मांडलेला हिशेब या गावानं स्वतःच्या शिवारात सोडवून दाखवला.

२०१९ साली, हम्बोल्टच्या अडीचशेव्या जयंतीला, वर्तमानपत्रांत आणि नियतकालिकांत विखुरलेले त्याचे लेख दहा खंडांत जर्मनीत एकत्र छापले गेले. मराठीत त्यातलं थोडं जरी आलं तरी हवं आहे. झाडांमुळे पाऊस किती वाढतो, यावर तज्ज्ञांचा वाद चालू राहील. पण पडलेला पाऊस आपण ठेवतो कुठं आणि उपसतो कशासाठी, हा प्रश्न आपल्या प्रत्येक गावाचा आहे. विहीर आटली की आपण आधी आभाळाकडे बघतो. हम्बोल्टनं आधी डोंगराकडे बघितलं होतं.