दवाखान्यात रोज उपयोगी पडणारे सहा फ्रेंच संशोधक, आणि त्यांच्या शोधांतून तुम्ही काय लक्षात ठेवायचं

माझ्या टेबलावर स्टेथोस्कोप असतो. फ्रीजमध्ये कुत्रा चावल्यावर द्यायची लस असते. तापाच्या रुग्णाला मी मलेरियाची रक्ततपासणी लिहून देतो आणि बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण बघतो. या चारही गोष्टींचा उगम फ्रेंच संशोधकांच्या कामात आहे. त्यांच्या गोष्टी रंजक आहेतच, पण प्रत्येक गोष्टीत आजही जीव वाचवणारा एक धडा आहे. म्हणून हा लेख.

१. रेने लेनेक (१७८१–१८२६): स्टेथोस्कोप

१८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी आली. त्या काळी डॉक्टर छातीला थेट कान लावून ठोके ऐकत. इथे ते संकोचाचं होतं, शिवाय ती स्थूल असल्याने नीट ऐकूही आलं नसतं. लेनेक यांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. मग त्यांनी लाकडी नळी बनवली आणि १८१९ मध्ये छातीच्या आवाजांवर ग्रंथ लिहिला. छातीतले कोणते आवाज क्षयरोगाचे, हे त्यांनी बारकाईने नोंदवलं आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते स्वतः क्षयरोगानेच गेले.

*लक्षात ठेवा:* छाती तपासून अंदाज येतो, पण क्षयरोगाचं निदान त्यावर पक्कं होत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं किंवा थुंकीतून रक्त असेल, तर थुंकीची तपासणी कराच. सरकारी केंद्रात ती मोफत होते.

२. लुई पाश्चर (१८२२–१८९५): रेबीजची लस

पाश्चर डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. दुधाच्या पिशवीवरचा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. पण माझ्या दृष्टीने त्यांचं सर्वांत मोठं काम रेबीजवरचं.

६ जुलै १८८५ रोजी अल्सास प्रांतातून एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला, जोसेफ माइस्टरला, घेऊन पॅरिसला त्यांच्याकडे आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला दोन दिवसांपूर्वी अनेक ठिकाणी चावलं होतं. पाश्चर यांनी रेबीज झालेल्या सशाचा मज्जारज्जू वाळवून त्यातलं विष कमजोर केलं होतं आणि त्याचे प्रयोग कुत्र्यांवर केले होते. माणसावर पुरेसा अनुभव नव्हता, पण काही न करणं म्हणजे त्या मुलाला मरू देणं. पाश्चर यांना वैद्यकीय परवाना नसल्याने इंजेक्शनं डॉ. ग्रांशे यांनी दिली. सुमारे दहा दिवसांत १३ डोस झाले. मुलगा वाचला आणि मोठेपणी पाश्चर संस्थेतच रखवालदार म्हणून काम करू लागला.

त्याच वर्षी दहा वर्षांच्या एका मुलीला चावा घेतल्यानंतर तब्बल ३७ दिवसांनी आणलं गेलं. जखमा डोक्याला होत्या. पाश्चर यांनी उपचार केले, पण ती वाचली नाही. लस दोघांनाही मिळाली होती. जोसेफला ती वेळेत मिळाली, या मुलीच्या बाबतीत उशीर झाला होता.

हाच उशीर मी आजही बघतो. ‘पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात’ ही भीती अजून गेलेली नाही. ती जुनी लस भारतात केव्हाच बंद झाली. आता लस दंडात दिली जाते आणि डोस चार किंवा पाच असतात.

*कुत्रा, मांजर किंवा माकड चावलं किंवा ओरबाडलं तर:*

- जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. यानेच विषाणूंचा मोठा भाग निघून जातो.
- हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका. जखम घट्ट बांधू नका.
- त्याच दिवशी लसीचा पहिला डोस घ्या. कुत्रा पाळीव आहे, त्याला लस दिली आहे, म्हणून थांबू नका. त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण तुमचे डोस सुरू करून.
- रक्त आलं असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. त्याबद्दल तुम्ही स्वतःहून विचारा.
- उशीर झाला असेल तरी या. उशिरा घेतलेली लस न घेतलेल्या लसीपेक्षा केव्हाही बरी.
- मधले डोस चुकवू नका. जखम भरली म्हणजे धोका टळला असं नाही.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की तो रुग्ण वाचणं जवळपास अशक्य असतं. म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात.

३. अल्फोन्स लाव्हरान (१८४५–१९२२): मलेरियाचा परजीवी

‘मलेरिया’ या शब्दाचा अर्थच खराब हवा. दलदलीच्या हवेने हा ताप येतो, असा समज होता. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातल्या कॉन्स्टंटीन इथे लष्करी डॉक्टर असलेल्या लाव्हरान यांना एका सैनिकाच्या रक्तात वळवळणारे सजीव दिसले. बरीच वर्षं अनेकांनी विश्वास ठेवला नाही. १९०७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

*लक्षात ठेवा:* थंडी वाजून ताप आला तर औषध सुरू होण्याआधी रक्त द्या. व्हायव्हॅक्स प्रकारात परजीवी यकृतात लपून राहतो आणि ताप उलटतो. त्यासाठी १४ दिवसांचं औषध असतं. ताप गेला म्हणून ते अर्धवट सोडू नका. गरोदर असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण ते औषध गरोदरपणात देत नाहीत.

४. पॉल-लुई सिमों: प्लेग आणि पिसवा

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन यांनी इथे प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. ते फ्रेंच नव्हते, पण पाठोपाठ त्याच संस्थेने सिमों या फ्रेंच डॉक्टरला हिंदुस्थानात पाठवलं. १८९८ साली, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत त्यांनी प्लेग झालेला, पिसवा असलेला उंदीर बरणीत ठेवला आणि जाळीपलीकडे निरोगी उंदीर. उंदरांचा एकमेकांना स्पर्श होत नव्हता, पिसवा मात्र पलीकडे जाऊ शकत होत्या. निरोगी उंदरालाही प्लेग झाला. सुरुवातीला त्यांची टिंगल झाली, पुढे तेच खरं ठरलं.

*लक्षात ठेवा:* आज उंदरांमुळे होणारा आपल्याकडचा नेहमीचा आजार म्हणजे लेप्टो. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यातून चालला असाल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. प्रतिबंधक गोळी लागेल का, ते तेच ठरवतील.

५ आणि ६. अल्बेर काल्मेत आणि कामी गेरँ: बीसीजी

बीसीजीमधला ‘सी’ काल्मेत यांचा आणि ‘जी’ गेरँ यांचा. काल्मेत डॉक्टर, गेरँ पशुवैद्य. लील शहरात त्यांनी गायीच्या क्षयाचा जंतू बटाटा, ग्लिसरीन आणि पित्तावर १३ वर्षांत २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढवला, तेव्हा तो निरुपद्रवी झाला. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्या बाळाला लस मिळाली, तीही तोंडावाटे.

*लक्षात ठेवा:* बीसीजी बाळाला मेंदूच्या आणि शरीरभर पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते. मोठेपणीच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून भरवशाचं संरक्षण देत नाही. म्हणून ‘बीसीजी झालंय, मला टीबी होणार नाही’ असं समजू नका. लस दिल्यावर काही आठवड्यांनी दंडावर फोड येऊन फुटतो. तो दाबू नका, मलम लावू नका. व्रण उठला नाही तरी पुन्हा लस द्यावी लागत नाही. मात्र काखेत मोठी गाठ आली तर दाखवा.

थोडक्यात

या सहा जणांनी शोध लावले, पण त्यांचा उपयोग होणं तुमच्या हातात आहे. खोकला लांबला तर थुंकी तपासा, ताप आला तर रक्त द्या, बाळाची लस चुकवू नका. आणि या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा: कुत्रा चावला की साबण, पाणी, १५ मिनिटं, आणि त्याच दिवशी लस.

*हा लेख माहितीसाठी आहे. औषधाचा डोस आणि लसीचं वेळापत्रक तुम्हाला तपासणारे डॉक्टरच ठरवतील.*