बॅक्टेरियोफेज: हा व्हायरस नेमका आपलाच बॅक्टेरिया कसा ओळखतो?

संगमनेर तालुका दुधाचा. त्या दुधाचं दही करतात ते लॅक्टिक ॲसिड बनवणारे बॅक्टेरिया. पण बॅक्टेरियालाही व्हायरस गाठतो. त्याला बॅक्टेरियोफेज, किंवा नुसतं फेज म्हणतात. डेअरीच्या टाकीत फेज वाढला तर दूध नीट लागत नाही आणि अख्खी बॅच वाया जाऊ शकते. तेच दही तुम्ही खाल्लंत, तर फेज तुमच्या पेशींना हातही लावत नाही. असं का?

पायरी १: ओळख

फेजला पोहता येत नाही. तो द्रवात तरंगत राहतो आणि योगायोगाने बॅक्टेरियाला धडकतो. बॅक्टेरियाच्या अंगावर प्रोटीन आणि साखरेच्या साखळ्या असतात. फेजच्या शेपटीचं टोक त्यातल्या ठरावीक रचनेवरच बसतं. या रचनेला रिसेप्टर म्हणतात. लॅम्डा नावाचा फेज ई. कोलायचा जो दरवाजा धरतो, त्यातून तो बॅक्टेरिया माल्टोज ही साखर आत घेतो. दुधातल्या लॅक्टोकोकसचे बरेचसे फेज साखरेच्या साखळ्या ओळखतात. या साखळ्या एकाच जातीच्या दोन वाणांतही वेगळ्या असू शकतात. म्हणून एक वाण मरतो आणि त्याचा सख्खा भाऊ शाबूत राहतो. माणसाच्या पेशीवर हे रिसेप्टर नसतात.

पायरी २: खात्री आणि इंजेक्शन

टी४ फेजला सहा लांब तंतू असतात. ते आधी सैलसर चिकटतात. जुळलं नाही तर सुटतात. जुळलं की आखूड तंतू खाली येऊन घट्ट पकडतात. यूजरनेमनंतर ओटीपी मागावा तसंच हे. मग शेपटीचं आवरण आकसतं, आतली नळी बॅक्टेरियाच्या भिंतीत घुसते आणि सुमारे १,६९,००० अक्षरांचा डीएनए आत जातो. प्रोटीनचं कवच बाहेरच राहतं. फेजचा डीएनएच आत जाऊन काम करतो, हे हर्शी आणि चेस यांनी १९५२ मध्ये टी२ फेजवर दाखवलं.

पायरी ३: कारखाना ताब्यात

आत गेलेला डीएनए बॅक्टेरियाचीच यंत्रणा वापरून नवे फेज बनवतो. टी४ च्या बाबतीत अर्ध्या तासाच्या आसपास पेशी फुटते आणि शंभरावर फेज बाहेर पडतात. लॅम्डासारखे काही फेज मात्र आपला डीएनए यजमानाच्या डीएनएत जोडून गप्प बसू शकतात.

बॅक्टेरिया गप्प बसतात का?

नाही. काही रिसेप्टर बदलतात, काही आत आलेला डीएनए एन्झाइमने कापतात. काहींकडे क्रिस्पर असतं. जुन्या हल्लेखोराच्या डीएनएचा तुकडा ते स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतात आणि तोच फेज परत आला की ओळखून कापतात. हे प्रयोगाने पहिल्यांदा २००७ मध्ये दिसलं, तेही दह्यातल्या स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलसवर. फेजही बदलतो, त्यामुळे ही चढाओढ थांबत नाही.

डेअरीवाले म्हणूनच रोज तेच कल्चर वापरत नाहीत, आलटून-पालटून वापरतात. पाश्चरायझेशनने सगळे फेज मरत नाहीत, म्हणून स्वच्छताही कडक ठेवावी लागते. घरच्या विरजणात अनेक वाण एकत्र असतात. एक पडला तरी बाकीचे दही लावतात.

आपल्याला याचा उपयोग काय?

अँटिबायोटिक उपयोगी बॅक्टेरियाही मारतं. फेज फक्त आपलं सावज मारतो. टोमॅटो आणि मिरचीवरच्या बॅक्टेरियाच्या ठिपक्यांवर अमेरिकेत २००५ मध्ये फेजच्या फवारणीला नोंदणी मिळाली. त्या ठिपक्यांमागे झॅन्थोमोनास असतो, आणि आपल्याकडे डाळिंबावर तेल्या आणणाराही त्याच कुळातला. मग टोमॅटोचा फेज डाळिंबावर मारला तर? रिसेप्टर जुळला नाही, तर ते नुसतं पाणी मारल्यासारखंच.

म्हणून आधी चाचणी. बाधित झाडावरचा बॅक्टेरिया प्लेटवर दाट वाढवायचा आणि त्यावर फेजचा थेंब टाकायचा. दुसऱ्या दिवशी त्या जागी स्वच्छ गोल डाग दिसला, तर तो फेज पुढे तपासण्याजोगा. डाग नाही, तर दुसरा फेज शोधायचा. अचूकपणा हीच फेजची ताकद आहे, आणि हीच त्याची मर्यादाही.